एक सोडून सगळ्यांना सर

परीक्षा पास होऊन मी दिल्लीच्या सरकारी नोकरीत लागले, त्या पहिल्या सकाळची गोष्ट. सेक्शनच्या दारात उभी होते. हातात नेमणुकीची ऑर्डर. नुकतंच लग्न झालेलं, हिरवा चुडासुद्धा उतरवला नव्हता. कोपऱ्यातल्या टेबलामागून एक उंच, किडकिडीत गृहस्थ उठले, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "या सर, बसा."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तुम्हालाच म्हणतोय सर. पाणी घेणार?"

मी हबकलेच. हे माझे सेक्शन ऑफिसर, पन्नाशी कधीच उलटलेले, आणि मला, चुडा भरलेल्या पोरीला, सर म्हणतायत! मी पुण्याची, टिंगल वास घेऊन ओळखते. पण त्यांच्या चेहऱ्यावर एक रेष हलत नव्हती. पाण्याचा ग्लास घेऊन शिपाई आला, त्याला "थँक्यू सर" झालं. झाडूवाला आला, त्याच्यासाठी पाय वर घेत "या सर, इधर भी थोडा" झालं. खिडकीत कबूतर येऊन बसलं. ते त्याच्याकडे बघून म्हणाले, "सर, बाहर." कबूतर गेलंसुद्धा!

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "माझे साहेब वेडे आहेत." तो फरीदाबादच्या कारखान्यातून दमून आला होता. म्हणाला, "सगळ्यांचेच असतात यार."

दिल्लीत राहिलेल्यांना सांगायला नको, पण हे शहर 'सर'वर चालतं. पुण्यात आमचे सर म्हणजे शाळेतले. गणिताचे सर, पीटीचे सर. धाक असायचा, पण रस्त्यात भेटले तर आई त्यांना चहाला घरी बोलवायची. इथे आले आणि या एवढ्याशा शब्दाची सगळी रूपं बघून डोळेच पांढरे झाले. ट्रॅफिक पोलिसाला "सर, छोड़ दो ना सर". गल्लीत गाडी आडवी लावणाऱ्याला "ओ सरजी, गड्डी हटाओ", यात आदर औषधालाही नसतो, मारामारीची ती सुरुवात असते. कस्टमर केअरची मुलगी माझा आवाज ऐकूनही तीनदा सर म्हणते आणि मग सॉरी मॅम. आमच्या मजल्यावरच्या एका अधिकारी बाईंना सगळे 'मॅडम सर' म्हणायचे, नुसतं मॅडम म्हटलं तर कमी पडेल अशी भीती. आणि फोनवर तर माणसं एवढ्या एकाच शब्दात बोलतात. "सर. सर. सर? नो सर. सर!" फोन ठेवल्यावर तोच माणूस तुम्हाला सांगतो की मीटिंग उद्यावर गेली.

हे सगळं ऐकायला मला आमच्या या साहेबांनीच शिकवलं. ते आणि मी दोघंही मयूर विहारला राहायचो, त्यामुळे संध्याकाळची मेट्रो एकच. ते बसायचे नाहीत, दांड्याला धरून उभे राहायचे आणि लोकांचे 'सर' ऐकायचे. एकदा एक टायवाला माणूस समोर बसून फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला, पाठ ताठ झाली आणि "येस सर" म्हणत तो चक्क उभा राहिला. भरल्या गाडीत, फोनवरच्या माणसासाठी! त्याची जागा तिसऱ्याच कुणीतरी बळकावली. यांनी त्या बळकावणाऱ्याच्या खांद्याला हात लावला. "सर, ये सर अभी वापस बैठेंगे. इनके सर अभी फोन पर हैं." तो माणूस इतका गोंधळला की उठला. फोन संपल्यावर यांनी टायवाल्याला हाताला धरून बसवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत सर? त्याचं त्यालाही कळलं नाही, उभा कधी राहिला ते."

त्यांची आणखी एक खोड होती. त्यांना स्वतःला कोणी सर म्हटलं की ते मागे वळून बघायचे. थट्टा म्हणून नाही, अगदी खरोखर. कोणीतरी मोठं माणूस मागे येऊन उभं राहिलंय, आपण वाटेत आहोत, अशा घाईने बाजूला सरकायचे. शिपायाने "सर, साइन" म्हटलं की आधी मान मागे, मग सही. दिवसातून किती वेळा मान फिरत असेल! मानेचा पट्टा कसा लागला नाही, देव जाणे.

मग मी त्यांना म्हणायचं काय? विचारलं तर म्हणाले, "ते सोडून काहीही म्हणा." आता साहेबांना काहीही कसं म्हणणार? नाव घ्यायचं तर जीभ रेटेना. शेवटी महिनाभर मी "अहो" वर भागवलं. "अहो, ही फाईल." "अहो, जरा इकडे बघता का?" नवऱ्याला मी सरळ नावाने हाक मारते, आणि अहो म्हणायची वेळ आली ती ऑफिसातल्या साहेबांना! एकदा मंडळाच्या गणपतीत मी त्यांना मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "अहो!" अशी हाक मारली. आजूबाजूच्या चार बायका माझ्याकडे बघायला लागल्या, आणि त्यांच्यातल्याच एक गोऱ्या, ठेंगण्या बाई हसत हसत म्हणाल्या, "तू म्हण बाई खुशाल, माझं तर ऐकतच नाहीत ते." त्या त्यांच्या बायको निघाल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्या दिवसापासून ते काका आणि त्या काकू.

माकडाचं प्रकरण मात्र कहर होता. आमच्या भवनात माकडं फार. खिडकी उघडी राहिली की डबा गेलाच समजा. त्या दिवशी डबा नव्हता नेला, संसदेच्या प्रश्नाची फाईल नेली होती. तासाभरात वर पाठवायची फाईल, आणि एक दांडगं माकड ती मांडीवर घेऊन कॉरिडॉरच्या कठड्यावर बसलेलं. सगळे ओरडतायत, कोणी चप्पल उगारतोय. काकांनी सगळ्यांना मागे सारलं, माझ्या डब्यातलं केळं घेतलं आणि दोन्ही हात पुढे करून अदबीने सुरू केलं, "सर, प्लीज. सर, ये आपके काम की चीज़ नहीं है. सर, केला लीजिए, फाइल दे दीजिए."

आणि नेमके त्याच वेळी कोपऱ्यावरून आमचे जॉइंट सेक्रेटरी वळले. मागे दोन पाहुणे. हे माकडासमोर वाकलेले, "सर, सर" चाललेलं. जॉइंट सेक्रेटरी थांबले. "आप मुझसे कह रहे हैं या उससे?"

काका जराही न वळता म्हणाले, "सर, दोनों से. आप थोड़ा पीछे रहिए, और आप केला लीजिए."

माकडाने केळं घेतलं, फाईल खाली पडली. पाहुण्यांपैकी एक खुदकन हसला, आणि तिथेच घात झाला. दुपारी काकांना वर बोलावणं आलं. मला फाईल घेऊन सोबत जावं लागलं, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलंय. जॉइंट सेक्रेटरींनी विचारलं, "आप सफाईवाले को सर कहते हैं, ड्रायवर को सर, बंदर को सर. फिर मुझे भी सर. तो फ़र्क क्या रहा?"

"फ़र्क आप बता दीजिए सर," काका नम्रपणे म्हणाले, "मैं लगा दूँगा."

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता यांची बदली थेट अंदमानला. पण जॉइंट सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "जाइए." पुढच्या आठवड्यात काकांचं टेबल कॉरिडॉरच्या टोकाला, बाथरूमशेजारी गेलं. काका खूश. म्हणाले, "इथून जाणारे येणारे जास्त दिसतात, सर."

असं का करतात, यावर सेक्शनमध्ये नाना तर्क होते. माझाही होता, आणि मला तो फार आवडायचा. मला वाटायचं, यांचे वडील नक्की कुठेतरी शिपाई असणार. जन्मभर साहेबांना सर सर करत गेले असणार, आणि मुलाने मनाशी ठरवलं असणार की आता मी सगळ्या जगाला सर म्हणेन. मी मनातल्या मनात रडलेसुद्धा होते त्यावर. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले असताना धीर करून बोलून दाखवलं. काका जेवता जेवता इतके हसले की ठसका लागला.

"शिपाई? अहो सर, माझे वडील जज्ज होते. डिस्ट्रिक्ट जज्ज, नागपूरकडे. आहेत अजून. ते काय, आत बसलेत."

आतल्या खोलीत, खिडकीशी, पाठीचा कणा खुर्चीला न टेकवता एक अतिशय म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. मी इतक्या वेळा त्या घरात आले होते, मला ते भाड्याने राहणारे कुणी वाटले होते! कारण काकांना मी कधी त्यांच्याशी बोलताना पाहिलंच नव्हतं. काका हवेशी बोलायचे. "चहा ठेवलाय." "औषधाची वेळ झालीय." "खिडकी लावली तर बरं." माणसाला हाक न मारता मराठीत किती बोलता येतं, ते मला त्या घरात कळलं.

मग काकांनी सांगितलं. ताटावर बसूनच, भाताचा मुटका करत. घरात मुलांनी वडिलांना सर म्हणायचं, असा नियम होता. मला पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हणजे? घरी?" घरी. सकाळी उठल्यावर गुड मॉर्निंग सर. जेवायला बसायच्या आधी मे आय सर. ताप आला तर आईला सांगायचं, आई आत जाऊन 'साहेबां'ना सांगायची. बाबा हा शब्द त्यांनी शेजारच्या मुलांच्या तोंडून ऐकला. त्यांचा धाकटा भाऊ अमेरिकेत आहे, स्वतः नातवंडांचा आजोबा, तो अजून फोनवर सर म्हणतो. मी घास तसाच हातात धरून बसले. पोटच्या मुलांकडून सर! ऐकलंय कधी?

"दिल्लीला नोकरी लागली," काका म्हणाले, "स्टेशनवर सोडायला आले होते. गाडी हलली तेव्हा मी दारात उभा होतो. म्हटलं, आता काय करणार आहेत? मोठ्याने म्हणालो, येतो बाबा. त्यांनी ओ दिली नाही. दुसरीकडे बघायला लागले. मी पण ठरवलं, मग नाहीच. इथे उतरलो आणि पहिल्या चहावाल्याला दिलं ते सर. त्या एका माणसाकडे तो शब्द फार साठला होता हो. म्हणून आपला वाटत सुटलो."

"आणि त्यांना?"

"त्यांना बाबा. ओ देतील तेव्हा देतील."

आई गेल्यावर ते वडिलांना आग्रह करून इथे घेऊन आले होते. त्यांचं पथ्यपाणी, डोळ्यांचं ऑपरेशन, दाढीसुद्धा काकाच करायचे. रोज सकाळी एकदा त्या खोलीच्या दारात जाऊन "बाबा" म्हणायचे. आतून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज यायचा. बस. मी "आजोबा" म्हटलं की मात्र लगेच ओ यायची, अगदी गोड. काकूंच्या "मामंजी"लाही. आम्ही दोघी बाहेरच्या.

हे किती टोकाला गेलं होतं, ते मला न्हाणीघराच्या दाराने दाखवलं. रविवार होता, मी काकूंचा कुकर परत द्यायला गेले, तर घरात रडारड. आजोबा आंघोळीला जाऊन दीड तास झाला होता, आतून कडी. पाण्याचा आवाज नाही. काका दार ठोठावतायत. "बाबा, कडी काढा. बाबा, ऐकू येतंय का?" आत चिडीचूप.

काकूंनी त्यांचा दंड धरला. "अहो, एकदा म्हणा ना! एकदा सर म्हणा, लगेच उघडतील. माकडाला म्हणता तुम्ही! कबुतराला म्हणता!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणणार. त्यांनी परत दारावर थाप मारली आणि म्हणाले, "बाबा."

शेवटी खालून सोसायटीचा गार्ड पहार घेऊन आला. "सर, तोड दीजिए," काका त्याला म्हणाले. दार तुटलं. आत आजोबा स्टुलावर बसलेले. आंघोळ झालेली, धोतर नेसलेलं, भांग पाडलेला, हात मांडीवर. मोडक्या दाराकडे बघून ते काकूंना म्हणाले, "कोणी नीट हाक मारली असती तर उघडलं असतं."

माझं डोकंच फिरलं. मी दुसऱ्याच्या घरातली, पण तोंडातून निघून गेलं, "आजोबा, तुमचा मुलगा बाहेर मरायला टेकला होता!" आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कोर्टात कोणीतरी मध्येच बोललं. काकांनी गार्डला दारापर्यंत पोचवलं, थँक्यू सर म्हणाले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभे राहिले.

काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी त्याच दिवशी पाहिलं. "बापलेक म्हणून एकदा एकमेकांशी बोलू देत गं. कोणीही हरू दे, मला काही पडलेली नाही. नव्वदीचा माणूस आहे तो. उद्या गेला, तर माझा हा माणूस जन्मभर त्या रिकाम्या खुर्चीला बाबा, बाबा करत बसेल. मला ते बघायचं नाही."

काका रिटायर झाले तो दिवस तर मी विसरणं शक्य नाही. दिल्लीच्या ऑफिसात पद्धत आहे, शेवटच्या दिवशी माणसाला एकट्याला घरी जाऊ देत नाहीत. हार घालतात, ऑफिसच्या गाडीत बसवतात आणि अख्खं सेक्शन मागून त्याला घरी पोचवायला जातं. काकांना पोचवायला तर तीन मजल्यांवरचे लोक निघाले. ड्रायव्हर, झाडूवाले, कँटीनवाला, सगळे सर! कोणीतरी ढोलवालाही आणला होता. मयूर विहारच्या त्या शांत सोसायटीत ढोल वाजवत आम्ही दुसऱ्या मजल्यावर चढलो. काकूंनी समोसे, गुलाबजाम मांडले होते. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. सगळे मोबाईल वर धरून ओरडतायत, "सर, इधर! सर, इधर देखिए! सर!"

काकांनी नेहमीसारखं मागे वळून पाहिलं.

आणि मागे खरोखर कोणीतरी होतं. आतल्या खोलीच्या दारात आजोबा उभे होते. धोतरावर कोर्टाचा काळा कोट चढवलेला, बटणं लावलेली. इतकी माणसं सर सर करतायत म्हणजे आपल्यालाच, असं समजून ते बाहेर आले होते. ढोल थांबला. कँटीनवाल्याला वाटलं, सरांचे वडील आशीर्वाद द्यायला आलेत. "अरे पिताजी को माला पहनाओ!" म्हणून त्याने स्वतःच हार घातला. आजोबांनी हात किंचित वर केला. "बैठ जाइए." आणि ते सगळे, समोसे हातात घेऊन, फरशीवर बसले की हो! काका सवयीप्रमाणे बाजूला सरकले. त्या दिवसाचा फोटो माझ्याकडे आहे. मधोमध झेंडूच्या हारात आजोबा. काका कडेला, हातात चटणीची वाटी. स्वतःच्या निरोपसमारंभात!

मला इतका राग आला होता की मी गुलाबजामला हात लावला नाही. पण दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "काल सगळे गेल्यावर मामंजींनी मला विचारलं, ते लोक त्याला सर का म्हणत होते? म्हटलं, साहेब होता तो त्यांचा. तर म्हणाले, मला मात्र दिल्लीला आल्यापासून कधी म्हणाला नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, तुम्ही तरी त्याला कधी ओ दिलीत?"

त्यानंतर आजोबा विसरायला लागले. आधी जेवलो की नाही ते, मग वार, मग आपण कुठे आहोत ते. कधी त्यांना ते घर कोर्ट वाटायचं, कधी दवाखाना, कधी स्टेशनची वेटिंग रूम. काकूंना ते ओळखायचे नाहीत, मला त्यांनी एकदा "पुढची तारीख घ्या" सांगितलं. काका मात्र रोज सकाळी दारात जाऊन बाबा म्हणायचे ते म्हणायचेच. आता तर आतून पान उलटल्याचा आवाजही येत नव्हता. मी काकूंना म्हटलं, "संपलं हो आता. ज्यांनी ओ द्यायची, तेच राहिले नाहीत." काकूंनी मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला.

यंदाच्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. धुकं जाऊन जरा ऊन पडलं होतं, म्हणून सगळे बाल्कनीत. आजोबा खुर्चीत, शाल, कानटोपी. काका समोर पाटावर बसून त्यांची नखं कापत होते. मी डबा उघडून काकूंच्या हातात देत होते, तेवढ्यात आजोबांनी आपला हात काकांच्या हातातून सोडवून घेतला, दोन्ही हात जोडले, काकांकडे बघितलं आणि म्हणाले, "सर."

काकूंच्या हातातला डबा तसाच राहिला. काकांची मान सवयीने वळली. मागे भिंत होती आणि वाळत घातलेले मोजे. दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी मान परत पुढे आणली.

"सर, आपल्याला त्रास देतोय," आजोबा म्हणाले. आवाज अगदी बारीक, कोर्टात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या पक्षकारासारखा. "माझा मुलगा दिल्लीत असतो. सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये. आपली ओळख असेल तर त्याला एक निरोप द्याल का?"

काकांनी नेलकटर मुठीत घट्ट धरला होता.

"त्याला म्हणावं, स्टेशनवर तू हाक मारलीस ना, ती मला ऐकू आली होती. गाडीचा आवाज होता, पण ऐकू आली होती. एवढंच सांगा. त्याला वाटत असेल, ऐकू आली नाही."

मला वाटलं, आता हे कोसळणार. नाही कोसळले. पाटावरच जरा पुढे सरकले, आजोबांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि म्हणाले, "सांगतो, बाबा."

आजोबांचा चेहरा एकदम उजळला. माझ्याकडे, काकूंकडे वळून ते कौतुकाने म्हणाले, "बघा! अगदी असंच म्हणतो तो."

काकू आत निघून गेल्या. मी तिथेच कठड्याला धरून उभी, गाल ओले झालेले माझं मलाच कळलं नाही. काकांनी बाहीने डोळे पुसले, नेलकटर उघडला आणि म्हणाले, "बाबा, आता दुसरा हात."

"ओ," आजोबा म्हणाले, आणि हात पुढे केला.